पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही रजनीकांतच्या नावावर तिकीट का विकले जाते?

गंगापूररोडकर :

सर्वांना नमस्कार.

१५ ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे एक नवल घडले. माझे सासरे, आमचे अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून (नोटा-मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यातून) निवृत्त होऊन आता बारा-तेरा वर्षे झाली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांनी चित्रपटगृहात जाणे जवळजवळ सोडूनच दिले आहे आणि घरी टीव्हीवर लागलेला चित्रपटही ते मध्यंतराच्या पुढे पाहत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःहून विचारले, "रजनीकांतचा कुठला तरी लागलाय म्हणे, जायचं का?" बाहेर पाऊस लागलेला होता. तरीही आम्ही 'कुली'च्या हिंदी आवृत्तीच्या दुपारच्या खेळाला गेलो.

सभागृह जवळपास भरलेले होते. त्यात महाविद्यालयीन मुले होती, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारी दक्षिणेकडची तरुण मंडळी होती आणि अण्णांच्या वयाचे लोकही बरेच होते. नायकाच्या प्रवेशाच्या वेळी शिट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा मी सहज शेजारी पाहिले. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने तो नीट पुसला आणि पुन्हा लावला. अंधारात चष्मा पुसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

चित्रपट मला फारसा आवडला नाही. पात्रे फार आहेत, उत्तरार्धात कथा भरकटते आणि हाणामारीचा कंटाळा येतो. बाहेर पडताना मी तसे बोलून दाखवले, तर अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही चित्रपट पाहायला आला होतात होय?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. पहिला चित्रपट ऑगस्ट १९७५ मध्ये आणि १७१ वा चित्रपट ऑगस्ट २०२५ मध्ये, तोही नायक म्हणूनच. १२ डिसेंबर २०२५ ही या माणसाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होण्याची तारीख. जेमतेम बऱ्या असलेल्या चित्रपटालाही केवळ त्याच्या नावावर गर्दी कशी होते? ही गर्दी खरी किती आणि जाहिरातीची किती? तो मूळचा मराठी असल्यामुळे आपल्याला त्याचे विशेष कौतुक वाटते, असे माझे एक सहकारी म्हणतात. ते कितपत खरे आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_डीसीआर :

गंगापूररोडकर साहेब, मी नाशिकमधल्या एका एकपडदा चित्रपटगृहात सव्वीस वर्षे व्यवस्थापन पाहिले. त्या चित्रपटगृहाचे नाव येथे सांगत नाही, कारण मालकांचे कुटुंब अजून शहरात आहे. त्यामुळे अभिनय, शैली वगैरे बाजूला ठेवून मी फक्त तिकीट-खिडकीच्या आतल्या बाजूने काय दिसते, तेवढेच लिहितो.

आपण वर्तमानपत्रात जे कोटींचे आकडे वाचतो, ते बहुतेक वेळा एकूण गल्ल्याचे असतात. त्यातून निर्मात्याच्या हाती काय येते, याचा हिशेब वेगळा आहे. समजा, आपण २३६ रुपयांचे तिकीट काढले. तिकीट शंभर रुपयांच्या वर असल्यामुळे त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३६ रुपये सरकारजमा झाले आणि २०० उरले. हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्सशी २००९ च्या संपानंतर जो करार झाला, त्यानुसार पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा निम्मा, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यात येणारा प्रेक्षक वितरकाला १०० रुपये देतो आणि तोच प्रेक्षक महिन्याभराने आला, तर ६० रुपये देतो. पहिल्या तीन दिवसांत माणसे खेचून आणणाऱ्या नटाला बाजारात इतके मोल का आहे, ते यावरून लक्षात यावे. चित्रपट चांगला असेल तर लोक तोंडी प्रसिद्धीने येतातच, पण ते उशिरा येतात. जुना मोठा नट त्यांना आधी आणतो.

आता रजनीकांत यांच्याविषयी. आमच्या धंद्यात नट किती मोठा, हे त्याच्या यशावरून जितके ठरते, तितकेच त्याच्या अपयशात तो कसा वागतो यावरूनही ठरते. २००२ साली त्यांचा 'बाबा' पडला, तेव्हा त्यांनी वितरकांचे नुकसान स्वतः भरून दिले. ज्याने चित्रपट एम.जी.वर, म्हणजे किमान रकमेची हमी देऊन घेतलेला असतो, त्याला पडलेल्या चित्रपटाचे पैसे परत मिळतील अशी आशा स्वप्नातही नसते. मी स्वतः अशा रकमा बुडालेल्या पाहिल्या आहेत. एका हिंदी चित्रपटासाठी आमच्या मालकांनी भरलेली आगाऊ रक्कम चार वर्षे मागूनही आली नाही, आणि शेवटी त्यांनी ती मागणेही सोडले. अशा धंद्यात पैसे परत करणाऱ्या माणसाची वार्ता नाशिकपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पुढच्या चित्रपटाच्या वेळी वितरक पुन्हा हात सैल सोडतो, जास्त पडदे मिळतात, जास्त पडद्यांमुळे पहिल्या दिवशी जास्त माणसे बसतात आणि आकडा मोठा दिसतो. लोकप्रियता म्हणून आपल्याला जे दिसते, त्यातला काही भाग असा बाजारातल्या विश्वासाचा असतो.

हे नेहमीच इतके सुरळीत झाले, असे मात्र नाही. २०१४ च्या अखेरीस लागलेल्या 'लिंगा'च्या वेळी वितरक उघडपणे भांडले, काही जण उपोषणाला बसले आणि पुष्कळ ओढाताणीनंतर नुकसानीचा काही भाग परत देण्यात आला. तेव्हा दंतकथा जशीच्या तशी गिळू नये.

हिंदी आवृत्तीची एक गंमतही सांगतो. देशातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह असतो की हिंदीतला चित्रपट आठ आठवडे तरी ओटीटीवर येऊ नये. २०२३ चा 'जेलर' १० ऑगस्टला लागला आणि ७ सप्टेंबरला ओटीटीवर आला, त्यामुळे त्याच्या हिंदी आवृत्तीला त्या साखळ्यांत जागाच मिळाली नाही. 'कुली'ची दक्षिणी भाषांतली आवृत्ती ११ सप्टेंबरला ओटीटीवर आली, हिंदी मागे ठेवली गेली. ती मागे ठेवली म्हणूनच आपल्या अण्णांना मल्टिप्लेक्सच्या आरामखुर्चीत हा चित्रपट पाहता आला. 'जेलर'च्या वेळी त्यांनी हाच आग्रह धरला असता, तर बहुधा त्यांना एखादे एकपडदा चित्रपटगृह शोधत फिरावे लागले असते.

ओझर_टाउनशिप :

जुना_डीसीआर काकांनी हिशेब उत्तम मांडला आहे, परंतु हिशेबाच्या अलीकडे एक गोष्ट आहे. लोकांना त्याच्या चित्रपटात नेमके काय मिळते, याविषयी मला लिहायचे आहे.

माझे बालपण ओझरला एचएएलच्या विमान कारखान्याच्या वसाहतीत गेले. बंगळूरहून बदली होऊन आलेली कितीतरी कुटुंबे तिथे होती. आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहत असे. शनिवारी रात्री ते व्हीसीआर भाड्याने आणत आणि दार उघडे ठेवत, म्हणजे आम्ही मुलांनी यावे असा त्याचा अर्थ असे. 'बाशा' मी तिथे पाहिला. कॅसेटवर कसलीही उपशीर्षके नव्हती, चित्राच्या तळाशी एक पांढरी रेघ सतत थरथरत होती आणि शेजारच्या काकू मधूनमधून कन्नडमिश्रित हिंदीत कथा सांगत होत्या. आम्हाला त्याची गरजच नव्हती. एक साधा रिक्षावाला आहे, तो कोणाशी भांडत नाही, खांबाला बांधून मारले तरी मार खातो आणि हसतो. घरच्यांना वाटते की हा भित्रा आहे. आणि मग कळते की हा एकेकाळचा मोठा डॉन होता. तो क्षण आला, तेव्हा खोलीत बसलेली एचएएलमधली चार-पाच मोठी माणसे लहान मुलांसारखी ओरडली होती.

गंगापूररोडकर यांनी 'जेलर' पाहिला नसेल तर जरूर पाहावा, कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडले. तिथे तो निवृत्त तुरुंगाधिकारी आहे. नातवाचे व्हिडिओ काढून देतो, घरातली बारीकसारीक कामे करतो, आणि सुरुवातीला पाहणाऱ्याला वाटते की हे एक निरुपद्रवी आजोबा आहेत. रचना 'बाशा'चीच आहे. फरक इतकाच की १९९५ साली साधेपणा दाखवण्यासाठी त्याला रिक्षावाल्याचा खाकी गणवेश घालावा लागला होता, आता त्याचे वयच ते काम करते. इतर नटांना म्हातारपण लपवावे लागते. याच्या कथेत म्हातारपण हे वेषांतर असते, आणि प्रेक्षकाला आत कोण आहे ते आधीच ठाऊक असते. जितके वय अधिक, तितका तो उलगडण्याचा क्षण मोठा. माझ्या मते पन्नास वर्षे टिकण्याचे मुख्य कारण हेच आहे आणि बाकी सर्व त्याच्या मागून येते.

हे पडद्याबाहेरही तसेच चालते. टक्कल पडलेले, दाढी पांढरी, अंगात साधा पांढरा सदरा, अशा अवस्थेत तो समारंभाला येतो. केसांचा टोप नाही, रंग नाही. दुसरा एखादा नट असा दिसला, तर लोक हळहळतील. इथे लोकांना वाटते की हा 'बाशा'चा पूर्वार्ध चालू आहे.

त्या नावाच्या पाटीचाही उल्लेख करायला हवा. पडद्यावर ठिपक्यांतून एकेक अक्षर उमटत 'सुपरस्टार' हा शब्द तयार होतो आणि मागे तो ठरावीक ठेका वाजतो. ही पद्धत १९९२ च्या 'अण्णामलै'पासून सुरू झाली. तीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पाटीला आजही टाळ्या पडतात. देवळात आरतीला जशी माणसे चाल माहीत असूनच उभी राहतात, तसेच ते आहे. पुढे काय होणार हे माहीत असणे हा तिथे दोष ठरत नाही.

एक आठवण इथे नाशिककर म्हणून नोंदवतो. २०१९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्याला २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत प्रदान झाला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकमध्येच १९४४ साली देह ठेवलेल्या फाळक्यांच्या नावाचा हा पुरस्कार स्वीकारताना त्याने गुरू के. बालचंदर आणि थोरले बंधू यांच्याबरोबर बंगळूरच्या बससेवेतल्या आपल्या एका चालक मित्राचेही आभार मानले. हा स्वतः त्याच बससेवेत वाहक होता आणि तू चित्रपटात जा, असे त्या मित्राने सांगितले होते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात मी मुलांना घेऊन जातो, तेव्हा ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगतो. मुलांना कॅमेऱ्यांपेक्षा ती जास्त आवडते, हे मान्य करावे लागेल.

सावाना_वाचक :

वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे. तथापि चर्चा भक्तीच्या अंगाने जाऊ लागली आहे, म्हणून थोडे विरोधी बोलतो.

नाव केवळ आरंभ देते, पुढचे चित्रपटानेच ओढावे लागते. त्याचे नाव असूनही 'दरबार', 'अण्णात्ते' आणि 'वेट्टैयन' यांनी अपेक्षाभंग केला. २०२४ च्या 'लाल सलाम'मध्ये त्याची भूमिका विस्तारित पाहुण्याची होती, आणि तो चित्रपट तर साफ पडला. म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी ओसरून सोमवारी दुपारचा खेळ आला की रजनीकांतलाही इतरांसारखीच परीक्षा द्यावी लागते. 'जेलर'चा जगभरचा गल्ला ६०० कोटींच्या वर गेला, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यात दिग्दर्शक नेल्सनचा, संगीताचा आणि मोहनलाल, शिवराजकुमार व जॅकी श्रॉफ यांच्या छोट्या प्रवेशांचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारत नाही. तीन राज्यांच्या प्रेक्षकांना आत आणण्याची ती व्यवस्था होती. नट मोठा आहेच, पण ही आखणीही मोठी होती.

ओझर_टाउनशिप यांनी वेषांतराचा मुद्दा फार सुंदर मांडला आहे, पण त्याचे श्रेय एकट्या रजनीकांतला देता येणार नाही. त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या उभारणीत अमिताभ बच्चनचे कितीतरी साचे आहेत. 'डॉन'चा 'बिल्ला' झाला, 'दीवार'चा 'ती', 'त्रिशूल'चा 'मिस्टर भारत', 'नमक हलाल'चा 'वेलैक्कारन'. मूळ साचा मुंबईचा होता. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि या प्रश्नात मला सर्वांत रस वाटतो तो इथेच. नव्वदीच्या उत्तरार्धात बच्चनचे नायकपद संपले. २००० साली तो दूरचित्रवाणीवर आला आणि त्यानंतर वडील, मुख्याध्यापक, वकील अशा भूमिकांत त्याने दुसरे आयुष्य उभारले. नट म्हणून ते अधिक समृद्ध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याच्या एकट्याच्या नावावर आज सकाळचा पहिला खेळ भरत नाही. रजनीकांतने नायकपद सोडले नाही, त्यामुळे खेळ भरतो, आणि त्यामुळेच पन्नास वर्षांत तो किती कमी भूमिका करू शकला, याची हळहळही वाटते. ज्यांनी त्याचे १९७७-७८ च्या काळातले काम पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. २०२४ मध्ये 'वेट्टैयन'मध्ये हे दोघे 'हम'नंतर तेहतीस वर्षांनी एकत्र आले, तेव्हा मला त्या चित्रपटापेक्षा हीच तुलना पाहण्यात अधिक गोडी वाटली.

आता मराठीपणाचा मुद्दा. शिवाजीराव गायकवाड हे मूळ नाव, घरी मराठी, जन्म बंगळूरचा, हे सर्व खरे आहे. पण त्याने मराठीत एकही चित्रपट केला नाही आणि नाशिकच्या तिकीट-खिडकीवर कोणी आडनाव पाहून पैसे मोजत नाही. मराठीपणामुळेच गर्दी झाली असती, तर आपल्या मराठी चित्रपटांना पडदे मिळवण्यासाठी भांडावे लागले नसते. आपल्याकडे केवळ नावावर चित्रपटगृह भरण्याची ताकद दादा कोंडके यांच्याकडे होती. त्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. १९९८ साली ते गेल्यानंतर मराठीत ती जागा भरली गेली नाही. हा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

पंचवटी_मीना :

सावाना_वाचक दादा, मराठीपणाचा संबंध नाही असे म्हणता, पण 'काला' विसरलात! २०१८ चा तो चित्रपट धारावीतला आहे, समोर नाना पाटेकर आहेत आणि त्यात चारुमती गायकवाड नावाच्या निर्भय मुलीचे काम केले आहे आपल्या नाशिकच्या अंजली पाटील हिने. रजनीकांतच्या चित्रपटात माझ्या शहरातल्या मुलीला इतकी ठसठशीत भूमिका मिळालेली पाहून मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. 'काला'ने 'जेलर'सारखा गल्ला केला नाही, हे ठाऊक आहे. पण पा. रंजित, कार्तिक सुब्बराज, नेल्सन, लोकेश कनगराज अशा, वयाने आपल्या मुलांसारख्या असणाऱ्या दिग्दर्शकांच्या हाती तो स्वतःला सोपवतो, याचा उल्लेख वर कोणीच केला नाही. ही मंडळी त्याचे चित्रपट पाहत मोठी झाली. आपल्याला बालपणी काय आवडले होते, ते त्यांना नेमके माहीत असते आणि तेच ते पुन्हा काढून दाखवतात. जुन्या नटाला ताजे ठेवणारे खरे लोक हे आहेत, असे मला वाटते.

जुना_डीसीआर :

मीनाताईंचा मुद्दा पटला. सावाना_वाचक यांच्या सोमवारच्या परीक्षेविषयी एकच भर घालतो. तमिळनाडूत तिकिटाच्या दरावर सरकारी मर्यादा आहे आणि सकाळी नऊच्या आधी खेळ लावता येत नाही. 'जेलर'च्या वेळी बंगळूरला पहाटे सहाचे खेळ होते, म्हणून सीमेपलीकडची मंडळी तिथे गेली होती. दर वाढवून आकडा फुगवण्याची सोय जिथे मर्यादित आहे, तिथे मोठा गल्ला म्हणजे जास्त डोकी, हे गृहीत धरायला हरकत नाही. आपल्याकडे तिकिटाची किंमत शुक्रवारी वेगळी, रविवारी वेगळी आणि मोठ्या चित्रपटाला आणखी वेगळी असते, त्यामुळे आपल्या आकड्यांवरून किती माणसे आली हे सांगणे कठीण. आमच्या काळी रोज रात्री डीसीआर, म्हणजे दिवसाच्या वसुलीचा तक्ता, भरताना बाल्कनी किती, स्टॉल किती, अशी तिकिटे मोजून लिहावी लागत. रक्कम नंतर, माणसे आधी.

गंगापूररोडकर :

सर्वांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर उत्तरे मिळतील, असे वाटले नव्हते.

काल संध्याकाळी हा संपूर्ण धागा मी अण्णांना वाचून दाखवला. तिकिटाचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला, प्रेसमध्ये आयुष्य गेल्यामुळे असेल. वेषांतराचा मुद्दा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की ऐंशीच्या दशकात 'अंधा कानून' त्यांनी नाशिकरोडहून सायकलने येऊन पाहिला होता, आणि तेव्हा ते अमिताभसाठी गेले होते, परतताना मात्र या नव्या माणसाचीच चर्चा करत आले. सावाना_वाचक यांची टीका त्यांना मान्य नाही. का मान्य नाही, ते त्यांनी सांगितले नाही.

'जेलर' आम्ही रविवारी घरीच पाहणार आहोत. त्याचा दुसरा भाग जाहीर झालेला आहे, तेव्हा अण्णांनी जुना_डीसीआर यांना विचारायला सांगितले आहे की त्याची हिंदी आवृत्ती नाशिकमध्ये मल्टिप्लेक्सला लागेल की एकपडद्याला. एकपडद्याला लागली, तर बाल्कनीचा जिना किती पायऱ्यांचा आहे, हेही त्यांना आधी कळायला हवे आहे.